ग्रीनिश की आणखी कुणी? हिवाळ्यातल्या हिरवट वटवट्याचं नाव लागत नसेल तर

फोटो चाळीस काढले, त्यातले सहा बरे आले, आणि तरीही नाव लागत नाही. पाठ हिरवट, पोट मळकट पांढरं, डोळ्यावर फिकट भुवई, बस्स. पुस्तक उघडावं तर याच वर्णनाचे सात-आठ पक्षी एका पानावर ओळीने बसलेले, आणि प्रत्येक जण आपल्याच फोटोतला वाटतो. दर हिवाळ्यात हा प्रश्न कुणी ना कुणी विचारतंच, म्हणून एकदा सगळं लिहून ठेवतो.

हे सगळं पर्णवटवट्यांबद्दल आहे, म्हणजे लीफ वार्बलर. यांची मराठी नावं प्रत्येक यादीत वेगळी सापडतात आणि त्यातून गोंधळ वाढतो. म्हणून फिरताना आपण आपसात जे बोलतो तेच इथे वापरतो: ग्रीनिश, ग्रीन, लार्ज-बिल्ड, वेस्टर्न क्राउन्ड, ह्यूम्स, सल्फर-बेलीड, टिटलर्स.

पहिली गोष्ट, जी मला कळायला चार हिवाळे गेले: हा पक्षी कुठे पळून जात नाही. आपण त्याला असं बघतो जणू पुन्हा दिसणारच नाही. प्रत्यक्षात ग्रीनिश ऑगस्टअखेर-सप्टेंबरात येतो, चार-दोन झाडं स्वतःची म्हणून धरतो आणि एप्रिलपर्यंत तिथेच राहतो. दुसरा कुणी आला की ओरडून हाकलतो. पक्षिशास्त्रज्ञ ट्रेव्हर प्राइस यांनी पूर्व घाटात या पक्ष्याच्या हिवाळी मुक्कामाचा अभ्यास केला, त्यात हेच दिसलं: हिवाळ्यातही जो तो आपापली जागा राखून असतो आणि ती सततची 'चि-वी, चि-वी' मुख्यतः त्यासाठीच असते. आमच्या सोसायटीच्या फाटकाजवळ आंबा आहे आणि त्याला लागून बुचाचं झाड. या दोन झाडांवर एक ग्रीनिश ठरलेला. मी एकदा रविवारी त्याचे फोटो काढले आणि नावावरून तीन दिवस पक्षीनिरीक्षकांच्या ग्रुपवर वाद घातला. त्या तीनही दिवशी तो पक्षी माझ्या जिन्यापासून चाळीस पावलांवर ओरडत होता. एकदाही खाली उतरून बघावंसं सुचलं नाही.

तेव्हा खाली लिहिलेल्यातलं काही एका दिवशी जमलं नाही, तर दुसऱ्या दिवशी त्याच झाडाखाली जा.

आधी, तो पर्णवटवट्याच आहे ना?

हे पटकन उरकू. शेपटी वर उभी आणि माथ्यावर तांबूस टोपी असेल तर तो शिंपी. डोळ्याभोवती पांढरं कडं असेल तर चष्मेवाला. चोच खाली वाकलेली असेल तर शिंजिराची मादी. चोच आखूड आणि पक्षी बांडगुळाभोवती घुटमळत असेल तर फुलटोच्या. भुवई अजिबातच नसेल आणि पंखावर ठसठशीत पांढरे पट्टे असतील तर सुभगची मादी बघा.

आणि अंगावर हिरवा रंग नावालाही नसेल, सगळं मातकट-तपकिरी असेल आणि झुडपातून जीभ टाळ्याला लावून काढावा तसा 'चक्, चक्' आवाज येत असेल, तर तुम्ही चुकीच्या पानावर आहात. तो बहुधा ब्लिथचा बोरू वटवट्या. माळावर, बाभळीत, त्याहून फिकट कुणी दिसला तर बूटेड किंवा साइक्स हे वटवटे, आणि ती डोकेदुखी या लेखाइतकीच मोठी आहे. साइक्स म्हणजे कर्नल साइक्स, ज्याने १८३२ मध्ये दख्खनच्या पक्ष्यांची यादी छापली. या वटवट्याचं वर्णन त्यातलंच, आणि त्याने त्याला नाव दिलं 'रामा'. शास्त्रीय नावात ते आजही आहे.

'पंखावर पट्टी दिसत नाही, मग ग्रीनिश कसा?'

सगळ्यात जास्त वेळा येणारी तक्रार हीच. पुस्तकात लिहिलेलं असतं 'एक पंखपट्टी', आणि नवा माणूस ती पट्टी शोधत बसतो. ग्रीनिशची पट्टी म्हणजे पंख झाकणाऱ्या पिसांच्या टोकांवरची फिकट किनार, एवढंच. जेमतेम दहा सेंटिमीटरच्या पक्ष्यावर ती केवढी असणार? पिसं झिजली की सगळ्यात आधी टोकं जातात आणि त्यांच्याबरोबर पट्टीही. कधी एका पंखावर असते, दुसऱ्यावर नसते. थंडीच्या सकाळी पक्षी अंग फुलवून बसला की कुशीची पिसं पंखावर येतात आणि असलेली पट्टीही झाकली जाते.

म्हणून पट्टी दिसली तर नोंद करा, नाही दिसली तर त्यावरून काहीच ठरवू नका. दोन स्वच्छ पट्ट्या दिसल्या तर मात्र थांबा. चोच आणि पाय काळपट, पक्षी इवलासा आणि दोन पट्ट्या, असं असेल तर ह्यूम्स. हा तोच ह्यूम, काँग्रेसच्या स्थापनेत पुढाकार घेणारा. त्याचा दुसरा संसार पक्ष्यांचा होता. दोन पट्ट्या, चोच मोठी आणि खालून फिकट, आणि डोक्याच्या मधोमध फिकट राखट पट्टा असेल तर वेस्टर्न क्राउन्ड. डोक्यावरचा हा पट्टा खालून दिसत नाही, म्हणून मान वर करून करून थकाल. घाटात उतारावर उभं राहून खालच्या झाडाच्या शेंड्यावर नजर टाकली की तो एका क्षणात दिसतो. हा बहुतेक वेळा मिश्र थव्यात सापडतो, इतर छोट्या पक्ष्यांच्या मागेपुढे फिरत.

चोच, आणि तीही खालची

माझ्या मते दिसण्यातली सगळ्यात भरवशाची खूण ही, आणि लोक नेमकी हीच सोडतात. पक्षी आपल्या डोक्यावर असतो, म्हणजे चोचीचा खालचा भाग आपल्याला वरच्यापेक्षा जास्त दिसतो. मग त्याचा उपयोग करा की!

ग्रीनिशची खालची चोच बुडापासून टोकापर्यंत फिकट असते, पिवळट-नारिंगी. उजेड मागून आला तर जवळजवळ पारदर्शक वाटते. लार्ज-बिल्डची खालची चोच फक्त बुडाशी फिकट, पुढे काळपट. आणि चोच एकूणच दणकट, टोकाला किंचित आकडा. टिटलर्सची चोच लांब, बारीक, सुईसारखी आणि गडद, शिवाय पंखावर पट्टी नाहीच. काश्मीरकडून येणारा हा पक्षी आपल्याकडे क्वचितच दिसतो. म्हणून टिटलर्स वाटला तर आधी स्वतःवर संशय घ्या आणि मग जमेल तितके फोटो घ्या.

चोचीचा फोटो मिळवायची माझी पद्धत अशी. आकाशाच्या पार्श्वभूमीवर पक्षी काळा येतो, तेव्हा एक्स्पोजर एक ते दीड पायरी वर चढवा. आकाश पांढरंफटक होऊ दे, आपल्याला आकाशाची यादी करायची नाही. शटरचा वेग सेकंदाच्या हजाराव्या भागाहून कमी ठेवू नका, हा प्राणी दोन सेकंद एका जागी बसत नाही. आणि बर्स्ट (एका दमात सलग फोटो) लावून पूर्ण पक्ष्याच्या मागे लागण्यापेक्षा त्याने अळी पकडायची वाट बघा. अळी गिळताना तो डोकं वर करतो, क्षणभर स्थिर असतो आणि खालची चोच थेट आपल्याकडे येते. आमच्या आंब्यावरच्या पक्ष्याचा एक फोटो आहे माझ्याकडे: चोचीत हिरवी सुरवंटासारखी अळी आडवी धरलेली, फिकट नारिंगी खालच्या चोचीवर तिचा हिरवा रंग उठून दिसतोय. बाकी पक्षी अर्धा पानाआड, शेपटी नाही, पंख नाही. नाव ठरवायला तेवढा एकच फोटो पुरला.

चोच बघून झाली की भुवईचं पुढचं टोक बघा. ग्रीनिश आणि ग्रीनची भुवई पुढे थेट चोचीच्या वर कपाळापर्यंत जाते. लार्ज-बिल्डची भुवई मागे खूप लांब, पण पुढे कपाळावर चढत नाही. खाली डोळ्यातून जाणारी जाड काळी रेघ आणि गालावर डागडाग, त्यामुळे त्याचा चेहरा जरा रागीट दिसतो. स्वभावही वेगळा. ग्रीनिशची सतत लगबग, लार्ज-बिल्ड सावलीत, ओढ्याकाठच्या दाट झाडीत, मधल्या उंचीवर, आडवा बसून विचार करत असल्यासारखा.

'पण माझा तर पिवळाधमक आहे!'

असेल. पण आधी उजेडाचा हिशेब करा. हिरव्या पानांतून गाळून आलेला उजेड पांढऱ्या पोटाला पिवळं-हिरवं करतो, आणि कॅमेऱ्याचा ऑटो व्हाइट बॅलन्स त्यात स्वतःची भर घालतो. सकाळ-संध्याकाळच्या तिरप्या उन्हाची तर बातच नको.

यात मी स्वतः पडलो आहे. ऑक्टोबरात आंबोलीला होतो. दुपारची वेळ, जांभळींची गच्च सावली, आणि वर एक पर्णवटवट्या, गळ्यापासून पोटापर्यंत लिंबाच्या सालीसारखा. ग्रीन! ग्रीन म्हणजे कॉकेशस, उत्तर इराण, तुर्कस्तानच्या बाजूने येणारा. तो मुख्यतः दक्षिणेकडच्या सह्याद्रीत आणि श्रीलंकेत हिवाळा काढतो, आपल्याकडे अधिक करून जाता-येता दिसतो. ऑक्टोबर, आंबोली, पिवळं पोट, सगळं जुळत होतं. रात्री फोटो उघडले. त्याच मालिकेत, त्याच फांदीवर, एक चष्मेवाला आला होता. चष्मेवाल्याचा गळा पिवळा असतो पण पोट राखट-पांढरं. माझ्या फोटोत त्याचंही पोट लिंबासारखं होतं. झालं. दुसऱ्या दिवशी सकाळी तिथेच गेलो, पक्षी उघड्या फांदीवर आला, पोट मळकट पांढरं आणि तोंडाने 'चि-वी'. निव्वळ ग्रीनिश.

तेव्हापासून ही सवय लावून घेतली: पिवळा पर्णवटवट्या दिसला की त्याच उजेडात, त्याच झाडावर ज्याचा रंग आपल्याला पक्का माहीत आहे असं काहीतरी टिपायचं. चष्मेवाला आला तर उत्तम, नाहीतर फांदीवरची पांढरी विष्ठासुद्धा चालते. ती पिवळी दिसत असेल तर पक्ष्याच्या पिवळेपणावर विश्वास ठेवू नका. खऱ्या ग्रीनमध्ये भुवई आणि गालसुद्धा पिवळसर असतात आणि पाठीचा हिरवा रंग जास्त उजळ असतो. पण झिजलेला ग्रीन फिका पडतो, आणि नव्या पिसांचा ग्रीनिश थोडा पिवळसर असू शकतो. म्हणजे रंगावरून या दोघांचा निकाल लावायला जाऊच नये.

जुनं पुस्तक वापरत असाल तर आणखी एक. त्यात ग्रीन वेगळा पक्षी म्हणून सापडणार नाही, तो ग्रीनिशचाच एक प्रकार म्हणून दिलेला असतो. ह्यूम्सचंही तसंच, तो यलो-ब्राउड या दुसऱ्या पर्णवटवट्याच्या पोटात असतो. शोधून दमू नका.

कान लावा

ज्यांना 'माझे कान चांगले नाहीत' असं वाटतं त्यांनीही हा भाग सोडू नये. इथे गाणं ओळखायचं नाही, हाक ओळखायची आहे, आणि हाका मोजक्याच आहेत.

ग्रीनिश: 'चि-वी'. दोन भाग, टोकदार, धोबी पक्ष्याच्या आवाजाशी थोडं साम्य. ग्रीन: तीन भाग, 'चि-स्रु-वी', मध्ये एक लहानशी घसरण. लार्ज-बिल्ड: शिट्टीसारखी, 'डिर्-टी', दुसरा सूर वर. हा आवाज एकदा कानात बसला की घाटातल्या ओढ्यात पक्षी न बघताही नोंद करता येते. वेस्टर्न क्राउन्ड 'चिट्-वी' करतो, आणि अगदी न थांबता. ह्यूम्सचं 'ड्वी-इट'. सल्फर-बेलीड हळूच 'क्विप' म्हणतो. बाभळीत हरवलेल्या पिल्लासारखं एकसुरी 'पीप' ऐकू आलं आणि चोच-पाय काळे असतील, तर तो चिफचॅफ, हाही पर्णवटवट्याच.

एका हाकेवर ठरवू नका, निदान दहा ऐका. वाऱ्यात, दुरून, 'चि-वी' चा तिसरा भाग मनानेच जोडला जातो, विशेषतः तुम्हाला ग्रीन हवा असेल तेव्हा. म्हणून रेकॉर्ड करा. फोन पुरतो. फोन नको असेल तर कॅमेऱ्याचा व्हिडिओ चालू करा आणि लेन्सचं झाकण लावून ठेवा, चित्र काळं आलं तरी आवाज येतो. घरी तो आवाज संगणकावर आलेखाच्या रूपात उघडला की कानावर भार टाकायची गरज नाही, ग्रीनच्या हाकेत चढउतार जास्त, ग्रीनिशच्या कमी, डोळ्यांना सरळ दिसतं. ताडून बघायला झेनो-कॅन्टो या पक्ष्यांच्या आवाजांच्या संकेतस्थळावर दोघांचेही आवाज आहेत. ताडताना हाका हाकांशीच ताडा, त्यांचं विणीच्या हंगामातलं गाणं आपल्याकडे फारसं ऐकू येत नाही.

पक्षी गप्प असेल तर? बसा. सकाळी पहिल्या तास-दीड तासात तो ओरडतोच. मोबाइलवर त्याची हाक वाजवून त्याला बोलावू मात्र नका. घुसखोर आला असं समजून तो अळ्या सोडून भांडायला येतो. आठेक ग्रॅमच्या पक्ष्याचं दिवसभर खाण्याचं काम असतं, त्यात आपण हे खोटं भांडण कशाला लावायचं?

ॲप एक सांगतं, ग्रुप दुसरंच

आवाजावरून पक्षी ओळखणाऱ्या ॲपचं उत्तर म्हणजे पहिला अंदाज समजा. रातकिडे, शिंप्याचं कर्कश 'ट्विट ट्विट', रस्त्यावरचा हॉर्न, हे सगळं त्याच रेकॉर्डिंगमध्ये असतं. ॲपने नाव दिलं की 'हा आवाज नेमका कुठल्या सेकंदाला आहे?' हे शोधा. सापडला नाही तर नाव सोडून द्या. ग्रुपवर विचारताना एकच सगळ्यात सुंदर फोटो टाकायची आपली खोड आहे. कुरूप टाका. चोचीचा एक, चेहऱ्याचा एक, बाजूने एक, पानाआडचा चालेल. रंगात छेडछाड न केलेला मूळ फोटो टाका. आणि सोबत जागा, महिना, किती उंचीवर होता, काय करत होता, आवाज. 'काय करत होता' हे कुणी लिहित नाही. पण खडकावर, किल्ल्याच्या तटाच्या दगडांवर किंवा झाडाच्या बुंध्यावर सरपटल्यासारखा चढत असेल, भुवईचा पुढचा भाग नारिंगी-पिवळा असेल, तर पुढची सगळी चर्चाच संपते. तो सल्फर-बेलीड. सिंहगडावर हा ज्यांनी एकदा नीट बघितला ते पुन्हा चुकत नाहीत.

एवढं करूनही नाव लागलं नाही तर

तर लावू नका. ई-बर्ड या पक्षीनोंदींच्या संकेतस्थळावर जात न ठरवता नुसता पर्णवटवट्या म्हणून नोंद करता येते, आणि ती पूर्ण वैध नोंद आहे. चुकीचा ग्रीन नकाशावर एक खोटा ठिपका सोडून जातो.

शिवाय या पक्ष्याने भल्याभल्यांना घुमवलं आहे. ग्रीनिश तिबेटच्या पठाराभोवती कड्यासारखा पसरलेला आहे. दक्षिणेकडून हिमालयातून दोन्ही बाजूंनी वर जावं तसा तो थोडा थोडा बदलत जातो आणि कड्याची दोन टोकं सायबेरियात पुन्हा एकत्र येतात. तिथे पश्चिमेकडचा एक पट्टीवाला, पूर्वेकडचा दोन पट्ट्यांचा, आणि दोघांची गाणी इतकी वेगळी की ते एकमेकांना आपले मानत नाहीत. पक्षिशास्त्रज्ञ क्लॉड टाइसहर्स्ट यांनी १९३८ मध्ये याकडे बोट दाखवलं, आणि डॅरेन अर्विन, स्टॅफन बेन्श आणि वर उल्लेख आलेले प्राइस यांनी २००१ मध्ये 'नेचर' या विज्ञान नियतकालिकात ते सविस्तर मांडलं. आपल्या आंब्यावर येतो तो पश्चिमेकडचा, एक पट्टीवाला. तो दुसऱ्या पक्ष्यांना ओळखतो ते आवाजावरून. आपण मात्र पट्ट्या मोजत बसतो.

सध्या माझ्याकडेही एक बिननावी आहे. जानेवारीच्या पहिल्या आठवड्यात ताम्हिणीत ओढ्यावर, सावलीत, माणसाच्या उंचीच्या थोडा वर. चेहरा रागीट, गालावर डाग वाटले, चोच पानाआड. हाक एकदाच, तीही पाण्याच्या आवाजात. यादीत 'पर्णवटवट्या' एवढंच लिहिलं आहे. रविवारी पहाटे निघतोय, साडेसहाच्या आत त्याच दगडावर जाऊन बसायचं आहे.